चौऱ्याण्णवचं कोडं

घरात नेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये फायबरच्या मोडेमशेजारी मेशचा (घरभर वायफाय पसरवणाऱ्या, एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचा) मुख्य नोड आहे, तिथे स्पीड टेस्ट केली तर आकडा तीनशेच्या आसपास येतो. आतल्या खोलीतल्या दुसऱ्या नोडला भिंतीतून मुद्दाम लॅन केबल ओढून दिलेली आहे. तिथे मात्र ९४. रीस्टार्ट केलं, ९४. मध्यरात्री सगळी सोसायटी झोपल्यावर पाहिलं, तरी ९४. वायफायचा आकडा असा कधी वागत नाही. तो कधी १८० असतो, कधी ६०, कोणी मधलं दार लावलं की ४०. हा मात्र जागचा हलत नाही. आणि गंमत अशी, की ठाण्यात ९४ येतो तसाच तो नागपुरात येतो आणि न्यू जर्सीतही येतो.

जाणकार माणूस घरी न येता, फोनवरच सांगतो, "तुमच्या केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी गेलीय. बहुतेक निळी नाहीतर तपकिरी."

हे त्याला कसं कळलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी एक साहजिक शंका. मेश म्हणजे बिनतारीच ना, मग तार हवी कशाला? मेशचे नोड एकमेकांशी हवेतूनच बोलतात हे खरं, पण ती हवा एकच असते. तुमच्या फोनचं बोलणं आणि नोडांचं आपसातलं बोलणं एकाच जागेत मावावं लागतं. त्यात आपल्याकडच्या भिंती विटांच्या, कॉलम-बीम सळयांनी भरलेले. म्हणून दोन नोडांमध्ये तार टाकली की हवा फक्त फोन-लॅपटॉपसाठी मोकळी राहते. तारेची बाजू भक्कम, असं आपण गृहीत धरतो, आणि म्हणूनच ती बिघडली की तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो.

आता त्या ९४चा हिशेब. इथरनेटच्या तारेवरून माहिती सलग धारेने जात नाही, फ्रेम नावाच्या तुकड्यांनी जाते. नेहमीच्या फ्रेमच्या पोटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. प्रत्येक फ्रेमच्या आधी ८ बाइटांचा इशारा असतो, मग येणाऱ्या-जाणाऱ्याचे पत्ते वगैरे १४ बाइट, शेवटी वाटेत काही बिघडलं का ते तपासायला ४ बाइट, आणि पुढची फ्रेम सुरू होण्याआधी १२ बाइट जातील एवढा वेळ सक्तीची शांतता. एकूण १५३८. पोटातल्या १५०० पैकीही साधारण ५२ बाइट आयपी आणि टीसीपी यांच्या नोंदींत खर्च होतात. म्हणजे तारेवर १५३८ बाइटांचा वेळ गेला की तुमच्या पदरात १४४८ पडतात. १४४८ भागिले १५३८ करून पाहा, उत्तर ०.९४१५.

तार १०० एमबीपीएसने चालत असेल तर स्पीड टेस्टमध्ये ९४ दिसणार, हे गणितच आहे. (तुमच्या नेटवाल्याची जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल तर आकडा केसभर खाली येईल.) तीच तार १००० ने चालली तर मर्यादा ९४१ पर्यंत जाते, आणि ३००चा प्लॅन अख्खा आत मावतो. तेव्हा ९४ दिसला की नेटवाल्याला फोन करायची गरज नाही. त्याच्याकडून माल पुरेसा येतोय. घरातली कुठली तरी तार हजाराची असून शंभरावर उतरलेली आहे.

पण दोन्ही टोकांची यंत्रं हजाराची असताना त्यांनी शंभर पत्करलं कसं?

केबलचा जॅक पोर्टमध्ये सरकवला की 'टक्' असा आवाज येतो आणि क्षणभराने दिवा लागतो. या मधल्या वेळात दोन यंत्रांची ओळखपरेड चालते. अजून माहितीचा एक कणही गेलेला नसतो. दोन्हीकडचे पोर्ट साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एकमेकांकडे विजेच्या ठोक्यांचा एक झुपका पाठवतात. झुपका जेमतेम दोन मिलिसेकंदांचा, त्यात ठोक्यांच्या ३३ जागा. त्यांतले १७ ठोके ताल धरण्यासाठी ठरलेले, आणि त्यांच्या मधल्या १६ जागी ठोका आहे की नाही, यावरून मजकूर वाचायचा: मला दहाचा वेग येतो, शंभरचा येतो, हजाराचा येतो, तुला काय येतं? दोघांना जमेल तो सर्वांत वरचा वेग ठरतो. हजार ठरला तर आणखी एक प्रश्न उरतो, दोघांपैकी घड्याळ कोणाचं प्रमाण मानायचं? दोघांचा दर्जा सारखा असेल तर प्रत्येक जण मनाने एक आकडा काढतो आणि ज्याचा मोठा त्याचं घड्याळ चालतं. तुमच्या कपाटामागे, धुळीत पडलेल्या दोन डब्यांमध्ये प्रत्येक वेळी केबल लावताना हे सगळं घडतं.

आता खरी मेख. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. ही बोलणी त्यांतल्या दोनच जोड्यांवर होतात, जॅकच्या १-२ आणि ३-६ या पिनांवर. नेहमीच्या जुळणीत या केशरी आणि हिरव्या जोड्या. शंभरच्या वेगाला या दोनच पुरतात. हजाराला मात्र चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली असेल तर बोलणी व्यवस्थित पार पडतात, दोघं हजारावर राजी होतात, काम सुरू करायला जातात आणि तोंडघशी पडतात. शहाणी चिप दोन-चार वेळा प्रयत्न करते आणि मुकाट्याने शंभरावर येते. तो तुमचा ९४. जिला तेवढी अक्कल नसते ती पुन्हा बोलणी करते, पुन्हा हजारावर राजी होते, पुन्हा पडते. तेव्हा पोर्टचा दिवा लागतो-विझतो करत राहतो आणि मेशचं ॲप दर थोड्या वेळाने 'नोड ऑफलाइन' म्हणून कळवतं. आणि तुटलेली तार केशरी किंवा हिरवी असेल तर बोलणीच होत नाहीत, दिवा लागतच नाही.

म्हणजे भिंत न फोडता, केबल न सोलता, नुसत्या दिव्यावरून आणि एका आकड्यावरून आतल्या तारेचा रंग सांगता येतो! नाडीपरीक्षेवर माझा फारसा विश्वास नाही, पण इतकं नेमकं निदान माणसाच्या बाबतीतही क्वचितच होत असेल.

एखादा जुना तुकडा घरात पडला असेल तर त्याचं बाहेरचं आवरण बोटभर सोलून पाहा. आत चार रंगांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एक पूर्ण रंगाची तार आणि एक पांढरी, त्याच रंगाच्या पट्ट्याची. दोघी एकमेकींना पीळ घालून. नीट पाहिलं तर चारही जोड्यांचे पीळ वेगवेगळे आहेत, एखादीचा घट्ट, एखादीचा सैल. ही युक्ती इथरनेटची नाही, संगणकाचीही नाही. पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली घेतलं, टेलिफोनच्या तारांसाठी. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट दाब असतो, आणि पलीकडचं यंत्र फक्त त्या दोघींतला फरक वाचतं. शेजारून पंख्याची किंवा मिक्सरची वायर गेली आणि तिची खरखर आत शिरली, तर पिळामुळे ती दोघींवर जवळपास सारखी पडते. वजाबाकी केली की खरखर जाते आणि निरोप उरतो. पीळ वेगवेगळे अशासाठी, की एका जोडीची कुजबुज शेजारच्या जोडीवर साचत जाऊ नये.

यावरून क्रिम्पिंगची, म्हणजे केबलला जॅक बसवण्याची, एक हमखास चूक कळते, आणि ही चूक वायरमनचा साधा टेस्टर पकडत नाही. जॅकमध्ये आठ खाचा आहेत, रंगांच्या चार जोड्या आहेत, तर १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या बसवाव्यात असं कोणालाही वाटेल. दोन्ही टोकांना तसंच केलं तर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात आणि वायरमन 'ओके' म्हणून निघून जातो. पण पोर्टच्या दृष्टीने जोडी ३-६ ची आहे. त्याच्या वाट्याला दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक तार आली, पीळ फुकट गेला, आणि खरखर थेट आत. वीतभर केबलवर हे चालूनही जातं. भिंतीतून फिरवलेल्या लांब केबलवर नोड रडतो.

पण ३ची जोडी ४ सोडून ६शी का लावली? कारण मधल्या ४-५ या दोन पिना टेलिफोनच्या. इमारतीत एकदाच तारा टाकल्या की त्यांवर फोनही चालावा आणि संगणकही, या हिशेबाने जुळणी ठरली, तेव्हा फोनची जोडी मध्यभागी तशीच ठेवली गेली आणि दुसरी जोडी तिच्या दोन्ही बाजूंनी बसवावी लागली. लँडलाइनची चिमुकली पिन लॅनच्या सॉकेटमध्ये मधोमध बसते ती त्यामुळेच. ज्या घरांतून लँडलाइन कधीच गेली, तिथेही लॅनचे रंग तिच्यासाठी जागा सोडून बसवले जातात.

तार धडधाकट असली की तिच्यात जे चालतं ते मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही. हजाराच्या वेगाला प्रत्येक जोडीवर सेकंदाला साडेबारा कोटी वेळा दाब बदलतो, पाच पातळ्यांमध्ये. एका बदलाला मिळतात ८ नॅनोसेकंद. तारेतला संदेश प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो, म्हणजे नॅनोसेकंदाला वीस सेंटिमीटर. ८ नॅनोसेकंदांत तो जेमतेम एक मीटर साठ सेंटिमीटर जातो, तोवर मागे पुढचा बदल निघालेलाही असतो. हॉल ते बेडरूम वीस मीटर केबल असेल तर तिच्या प्रत्येक जोडीत कुठल्याही क्षणी डझनभर बदल एकामागोमाग वाटेत असतात. आणि तेवढेच समोरून येत असतात, त्याच तांब्यातून, त्याच वेळी! जाण्याची आणि येण्याची जोडी वेगळी नाही. कट्ट्यावर दोन जुने मित्र एकाच वेळी बोलत सुटतात आणि तरी दोघांनाही दुसऱ्याचं सगळं कळतं, तसं हे आहे. आपण काय बोललो हे ज्याचं त्याला ठाऊक असतं, तेवढं ऐकण्यातून वजा करायचं. पोर्टमधली चिप ही वजाबाकी सेकंदाला साडेबारा कोटी वेळा, चारही जोड्यांवर, स्वतःच्या आवाजाच्या भिंतीवरून परतलेल्या प्रतिध्वनींसकट करते.

ही प्रतिध्वनीची जाण दुरुस्तीलाही कामी येते. तारेत एक ठोका सोडायचा. तार जिथे तुटली असेल तिथून तो परत फिरतो. १४० नॅनोसेकंदांत परत आला तर जाऊन-येऊन २८ मीटर झाले, म्हणजे तूट १४ मीटरवर. अशी तपासणी करणारी चिप बऱ्याच चांगल्या नेटवर्क स्विचमध्ये बसवलेलीच असते. केबल लावून मेनूतली 'केबल टेस्ट' चालवली की कुठली जोडी किती मीटरवर उघडी आहे ते पडद्यावर येतं. घरी असा स्विच नसेल तर सरळ उपाय असा: आतला नोड उचलून हॉलमध्ये आणायचा आणि हातभर लांबीच्या चांगल्या केबलने मुख्य नोडला जोडायचा. तिथे जोडणीचा वेग हजार दिसला तर नोड निर्दोष आहे, दोष भिंतीत किंवा दोन टोकांच्या जॅकमध्ये. आणि बहुतेक वेळा तो जॅकमध्येच असतो, म्हणून आधी दोन्ही जॅक कापून नवे बसवावेत.

केबल स्वस्त घेतलेली असेल तर मात्र जॅक बदलूनही पुन्हा रडगाणं सुरू होईल. बाजारात 'सीसीए' केबल सर्रास मिळते: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, आणि मुख्य म्हणजे ते ठिसूळ. कन्सील्ड पाइपच्या वळणावर ओढलं, जॅकच्या पात्यांत दाबलं की आतून तडकतं, आणि काही महिन्यांनी, पंख्याच्या वाऱ्याने केबल हलली तरी नोड गायब. ओळखायला सोपं आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी दिसली तर ती सीसीए.

दुसरा शत्रू वळवाचा. लॅनच्या प्रत्येक पोर्टच्या आत चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे बाहेरची तार आतल्या चिपला विजेच्या अर्थाने जोडलेलीच नसते. १५०० व्होल्टपर्यंतचा फरक सहन करावा अशी ही आडभिंत असते. जवळ वीज पडली की तीही अपुरी ठरते. या गच्चीवरून त्या गच्चीवर, उघड्यावरून लॅन केबल ताणलेल्या सोसायट्यांमध्ये पहिल्या गडगडाटानंतर पोर्ट मेलेले सापडतात ते म्हणूनच. काही पोर्ट पूर्ण मरत नाहीत, एखादी जोडी गमावतात. मग पुन्हा ९४, आणि या वेळी केबल बदलून काही उपयोग नाही. दोन इमारतींमध्ये तांबं नकोच, फायबर टाका. काचेतून वीज जात नाही.

इथवरचे दोष तारेचे. पण तार एकदम उत्तम असताना, किंबहुना उत्तम असल्यामुळेच होणारा एक घोटाळा आहे, आणि मेशच्या घरात तो पाहुण्यासारखा न बोलावता येतो. आतला नोड आधीच वायफायने मुख्य नोडला जोडलेला असतो. त्यात तुम्ही तारही लावलीत. आता दोघांमध्ये दोन वाटा झाल्या, म्हणजेच एक चक्र पूर्ण झालं. इथरनेटच्या फ्रेमवर 'इतक्या उड्यांनंतर मर' असा शिक्का नसतो. आयपीच्या पाकिटावर असतो, फ्रेमवर नाही. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी पहिलं इथरनेट मांडलं तेव्हा सगळे एकाच लांब केबलला जोडलेले होते, चक्राचा प्रश्नच नव्हता. (त्याचा वेग २.९४ एमबीपीएस होता. इथला ९४ निव्वळ योगायोग.) पण आता 'घरात प्रिंटर कोण आहे?' अशी सर्वांना उद्देशून हाक गेली की ती या वाटेने जाते, त्या वाटेने परत येते, पुन्हा जाते आणि कधीच संपत नाही. गिगाबिटच्या, म्हणजे हजाराच्या, तारेवर सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ मावतात. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकू लागतात, आणि घरातलं एकही यंत्र कामाचं राहत नाही.

यावरचा उपाय शोधला रेडिया पर्लमन यांनी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यावर एक कविताही लिहिली. तो उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. प्रत्येक स्विच सुरुवातीला 'मीच मुख्य' असं म्हणतो आणि स्वतःचा क्रमांक कळवतो. आपल्यापेक्षा लहान क्रमांक ऐकू आला की दावा सोडतो. शेवटी एकच मुख्य उरतो, प्रत्येक जण त्याच्याकडे जाणारी सर्वांत जवळची वाट ठेवतो, आणि उरलेल्या वाटा बंद करतो. कोणाकडेही पूर्ण नकाशा नसतो, तरी सगळ्यांचं मिळून एकही चक्र नसलेलं जाळं तयार होतं. पुढे एखादी वाट तुटली की बंद ठेवलेली आपोआप उघडते. मूळ पद्धतीत नवा पोर्ट १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग चालू होतो. तेव्हा केबल लावल्यावर अर्धा मिनिट काही घडलं नाही म्हणून उपटून पुन्हा लावू नका. त्याची घटिका पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मेशचे काही नोड हीच पद्धत वापरतात, काही कंपन्यांची आपली वेगळी. पण सगळ्यांना एकमेकांचे निरोप तारेवर ऐकू यावे लागतात. मधे ठेवलेला स्वस्त स्विच काही वेळा हे निरोप गिळतो, पुढे सोडत नाही. मग नोडांना चक्र दिसतच नाही. स्विच काढून नोड थेट जोडल्यावर सगळं सुरळीत झालं, तर गुन्हेगार तो स्विच. हे क्षुल्लक वाटत असेल तर बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांचं जाळं स्पॅनिंग ट्रीच्या शिफारशीच्या मर्यादेबाहेर वाढलेलं होतं. त्यावर अचानक भार आला, आणि ते कोसळलं. काही दिवस मोठं रुग्णालय कागदावर चाललं. तिथले तेव्हाचे माहिती विभागप्रमुख जॉन हलाम्का यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट इतरांना शिकता यावं म्हणून ती जाहीरपणे सांगितली.

आणखी एक चूक, सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत जास्त होणारी. फायबरच्या मोडेमला मागे चार पोर्ट असतात. मुख्य नोड एकात, म्हणून आतल्या नोडची केबलही दुसऱ्यात खोचली जाते. पण मेशचं घर मुख्य नोडच्या पुढे सुरू होतं. मोडेमला जोडलेला नोड घराबाहेर उभा राहतो. मग ॲपमध्ये तार लावूनही 'वायरलेस' दिसतं, किंवा प्रिंटर एका खोलीतून सापडतो आणि दुसरीतून नाही. खात्री करायची तर दोन खोल्यांत फोनचा आयपी पत्ता पाहा. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० अशी सुरुवात असेल तर घरात दोन घरं झालेली आहेत. क्रम एवढाच: मोडेम, मग मुख्य नोड, आणि बाकी सगळ्या तारा मुख्य नोडपासून पुढे.

तुमच्या घराचं नूतनीकरण काढलं असेल, तर प्लास्टर होण्याआधी एक काम करून घ्या. लॅनचा पाइप विजेच्या पाइपपासून वेगळा टाकायला सांगा, आत ओढायची दोरी ठेवा, ३०५ मीटरचा खोका उघडून एक तार स्वतः खरवडून पाहा, आणि वायरमन निघून जाण्याआधी प्रत्येक खोलीत लॅपटॉप लावून जोडणीचा वेग १००० दिसतो का ते त्याच्यादेखत बघा. टेस्टरच्या आठ दिव्यांवर पैसे देऊ नका.